सतरावा ठराव

“ठराव सतरावा,” गावसभेचे अध्यक्ष हायरम नाय यांनी घसा खाकरला, हातातला कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि वाचलं, “ऑरिन पेटिंगिल आणि इतर सव्वीस मतदार यांच्या अर्जावरून.” ऑरिनला टोचलं. बाकी काही नाही, तो एवढासा शब्द. अर्ज. आपलं नाव आणि त्याच्या शेजारी अर्ज. त्र्याहत्तर वर्षांत ही दोन पाहुणी कधी एका बाकावर बसली नव्हती. त्यानं कोंबड्यांच्या खुराड्यासाठी परवाना मागितला नव्हता, कुत्र्यांच्या गळ्यात गावाचा बिल्ला बांधला नव्हता, म्हातारपणी मिळते ती घरपट्टीतली सूटसुद्धा ‘मी भिकारी नाही’ म्हणून परत पाठवली होती. आणि आता अख्खं वेअरब्रुक गाव, लोकरी जाकिटं घालून, चिखलाचे बूट पुढे पसरून, घडीच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होतं की ऑरिन पेटिंगिलनं अर्ज केला आहे. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलता आलं असतं. पण ही माणसं कुणाच्या तोंडावर हसत नाहीत. ती मान खाली घालून गुडघ्यावरचं पिवळं मतकार्ड नीट करत बसतात. तशी ती बसली.

हायरम पुढं वाचत होते. बेरी हिल रस्त्याचा वरचा दीड मैल या सभेनं नऊ वर्षांपूर्वी कायमचा सोडून दिला, तो गावानं परत ताब्यात घ्यावा. आणि त्यासाठी लागणारी जमीन सध्याच्या मालकाकडून, त्याची मर्जी असो वा नसो, रास्त भरपाई देऊन घेण्याचा अधिकार गावच्या पंचांना द्यावा. मर्जी असो वा नसो. हे शब्द वकिलाचे. कॉरीननं, त्याच्या मुलीनं, ते लिहून आणले होते. दारोदार हिंडून सह्याही तिनंच गोळा केल्या, कारण सही मागायला ऑरिनची जीभ उचलत नव्हती. तिचं स्वतःचं मत इथं नाही, ती मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. पहिल्या ओळीवर मात्र त्याची सही हवी होती. “बाबा, इथं.” “अगं, वाचू तर दे.” “वाचून काय दिवे लावणार आहेस? आई घरी यायला हवी की नको?” त्यानं सही केली होती, न वाचता, असं तो स्वतःला गेले दोन महिने सांगत होता. खरं म्हणजे त्यानं वाचलं होतं. ‘मर्जी असो वा नसो’ एवढंच नेमकं वाचलं होतं आणि न वाचल्यासारखं केलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी याच सभागृहात, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, याच शेगडीच्या वासात तो उभा राहिला होता तेव्हा पाय कसे घट्ट रोवलेले होते! मागच्या स्वयंपाकघरातून आजच्यासारखाच गुळात शिजलेल्या घेवड्याचा आणि डुकराच्या मांसाचा वास येत होता. त्या हिवाळ्यात गावाच्या बर्फगाडीनं त्याच्या आजोबांच्या हातचा दगडी बांध दोनदा फोडला होता आणि गावाच्या माणसांनी गाडीला अडचण होते म्हणून त्याचे दोन मेपल कापले होते. विचारलं नाही, सांगितलं नाही. झाडं रस्त्याच्या हद्दीत होती म्हणे. ऑरिन म्हणाला होता, “आज जो तुमच्यासाठी रस्ता साफ करतो, तो उद्या तुमच्या अंगणात झाड कुठं लावायचं ते सांगतो. मला तुमची गाडी नको, तुमचं बर्फावर टाकायचं मीठ नको, तुमचा रस्ता नको. सोडून द्या तो. माझं मी बघतो.” लोक टाळ्या वाजवत उठले होते. का नाही उठणार? डोंगरावरच्या एका घरासाठी दीड मैल बर्फ लोटायचं काम, सुंठीवाचून खोकला गेला. रस्ता नावाला गावाचा ठेवायचा, देखभाल तेवढी बंद करायची, असा एक मधला मार्ग होता. तो हायरमनं समजुतीनं सुचवला होता. पण ऑरिनला अर्धंमुर्धं स्वातंत्र्य नको होतं. मग कायद्याप्रमाणं त्याची लेखी संमती लागली, कारण रस्ता संपला की त्याच्या घराचा जाण्यायेण्याचा हक्कही संपणार होता. गावाच्या वकिलानं पेन देताना विचारलं होतं, “पेटिंगिल, समजतंय ना? रस्त्याखालची जमीन तुमच्या शेजारी हॉइटची होणार. उद्या त्यानं अडवलं तर?” “एव्हरेट हॉइट?” ऑरिन खो खो हसला होता. “तो मला अडवणार? त्याच्या बापानं आणि माझ्या बापानं एकाच करवतीनं लाकडं कापलीत हो.” आणि ऐटीत सही ठोकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा ते कुणाला कळतं?

आणि ती नुसती ऐट नव्हती, हे या खोलीतल्या किती जणांना ठाऊक होतं? तो नऊ वर्षांचा असताना सरकारनं नदीवर धरण बांधलं आणि बापाचं खालचं शेत, काळीभोर गाळाची जमीन, पाण्याखाली गेली. बापानं त्याला बरोबर नेलं होतं. उंच छताची कचेरी, टेबलामागं एक पोरगेला कारकून आणि टेबलापुढं बाप, टोपी दोन्ही हातांत धरून. बापाची टोपी डोक्याऐवजी हातात, हेच त्याला पहिल्यांदा दिसलं. टोपीनं दाबलेले केस डोक्याला चिकटले होते. “साहेब, कृपा करून एवढं बघा,” बाप म्हणत होता. कृपा करून. हा आवाज घरी कधी ऐकला नव्हता. कारकून वाईट नव्हता, त्यानं ऑरिनला गोळीसुद्धा दिली होती. परत येताना गाडीत ऑरिननं ती गोळी खिडकीतून टाकून दिली. मोठेपणी त्यानं पुष्कळ वाचलं, सरकार किती असावं, कशाला असावं, ते मुठीत मावेल एवढंच का असावं. आपली ओसरी भरवून तरण्या पोरांना शिकवलं. पण खोल आत सगळा युक्तिवाद एवढाच होता: कुणाही माणसाला टोपी हातात घ्यावी लागू नये.

एव्हरेट हॉइट चार वर्षांनी गेला. त्याच्या मुलानं शेत विकलं आणि कनेटिकटहून ब्रेनार्ड नावाचा घोडेवाला आला. गृहस्थ चांगला, हे आधी सांगितलं पाहिजे. ऑरिननं कितीदा तरी त्याच्यात वाईटपणा शोधून पाहिला. सापडला असता तर किती सोपं झालं असतं. घोडे मोकाट सुटू नयेत म्हणून त्यानं वाटेवर फाटक घातलं. विमेवाल्यांनी बजावलं म्हणून कुलूप घातलं. “मिस्टर पेटिंगिल, तुम्हाला किल्ली देतोच मी. फक्त गाडी काढायच्या आधी एक फोन करत जा. घोडे कुठल्या बाजूला आहेत ते बघावं लागतं.” मग फोन सुरू झाले. धान्य आणायचंय, जाऊ का? दात दुखतोय, जाऊ का? लोर्नाला चर्चला जायचंय, जाऊ का? दर वेळी पलीकडून, “अर्थात! विचारताय काय!” आणि दर वेळी विचारावं तर लागेच. एकदा फोन ठेवताना त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर आला. “कृपा करून,” तो म्हणाला होता. भिंतीशी तसाच उभा राहिला. त्याची बायको लोर्ना ओट्यापाशी पीठ मळत होती. “काय रे, काय झालं?” “काही नाही.” “त्यापेक्षा गावाची बर्फगाडी बरी होती,” ती पिठाकडं बघत म्हणाली, “निदान तिला शिव्या तरी देता यायच्या.” तो हसला नाही. रात्रंदिवस तो स्वतःशी भांडत राहिला. कारकुनापुढं बाप टोपी काढून उभा होता खरा, पण बापाला निदान वरच्या साहेबाकडं जाता येत होतं, वर्तमानपत्रात लिहिता येत होतं, पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवता येत होतं. ब्रेनार्डच्या वर कोण? कोणी नाही. ब्रेनार्ड स्वतंत्र माणूस होता. ऑरिनला जेवढं व्हायचं होतं तेवढा स्वतंत्र.

“ठराव मांडणारे बोलणार का?” हायरम विचारत होते. ऑरिनला कळलं की सगळे आपल्याकडं बघताहेत. तो उठला. खिशात कॉरीननं लिहून दिलेला कागद होता: आई चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात आहे, घरी यायला डॉक्टरांची हरकत नाही, पण आठवड्यातून तीनदा नर्स आली पाहिजे, आणि खासगी वाटेवरून, कुणी तरी आज हो म्हटलं म्हणून, नर्स पाठवायला संस्था तयार नाही, सार्वजनिक रस्ता हवा. सरळ, सोपं. वाचलं की झालं. मागच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. त्यानं घसा साफ केला. “ठरावात लिहिलंय,” तो म्हणाला, “तेवढंच.” आणि खाली बसला. बसताना स्वतःची इतकी चीड आली की कानशिलं तापली. अरे गाढवा, तिच्यासाठी एक वाक्य नाही निघत तोंडातून?

निघालं नाही, कारण त्या वाक्यामागं दुसरं वाक्य उभं होतं आणि ते कागदावर नव्हतं. नोव्हेंबरमधली ती सकाळ. लोर्नाच्या हातून कप पडला, ती ‘अगं बाई’ म्हणायला गेली आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला. त्यानं गावाच्या अँब्युलन्सला फोन केला नाही. त्या अँब्युलन्सच्या विरोधात तो सात सभांमध्ये बोलला होता. आणि स्वतःची गाडी दारात असताना दुसऱ्याला कशाला? ब्रेनार्डला फोन केला, कुणी उचलला नाही. तिला गाडीत घातलं, घोंगडी गुंडाळली, फाटकाशी आला. किल्ली फिरेना. कुलूप नवं होतं. जुनं गंजलं म्हणून बदललेलं, नवी किल्ली द्यायची राहून गेलेली. कसलाही कावा नव्हता. ब्रेनार्ड फ्लोरिडाला गेलेला, त्याचा गडी कुठं तरी गवताच्या गाठी आणायला. मोबाईल त्या घळीत लागत नाही. आणि गाडीच्या मागं, हत्यारांच्या पेटीत, लोखंड कापायची लांब दांड्यांची कातर होती. त्यानं ती काढली. साखळीपर्यंत गेला. साखळी कातरीच्या दोन पात्यांमध्ये धरलीसुद्धा. आणि दांडे दाबले नाहीत. का? हे दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नाही. साखळी दुसऱ्याची होती. जमीन दुसऱ्याची होती. माणसाची गरज मोठी झाली की दुसऱ्याची मालकी तोडता येते, असं एकदा म्हटलं की मग धरणवाले काय वेगळं म्हणत होते? हे तो तिथं उभा राहून अक्षरशः मनात म्हणाला असं नाही. पण चाळीस वर्षं जे घोकलं ते हाताला पाठ झालं होतं. हातच दाबेना. त्यानं कातर खाली ठेवली आणि गड्याला शोधायला कुरणातून पळत सुटला. परत आला तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती. गाडीच्या काचेमागून लोर्ना बघत होती. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा सताड उघडा. तिनं सगळं पाहिलं होतं. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थोडं आधी आणता आलं असतं तर...” आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“मी मॉड फिफील्ड, मिल स्ट्रीट,” आवाज ओळखीचा, जन्मभर विरुद्ध बाजूनं ऐकलेला. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका मायक्रोफोनपाशी उभी होती. “हा माणूस मला आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही, तेव्हा फिटंफाट. यानं वाचनालयाच्या छपराला तीन वर्षं पैसे मिळू दिले नाहीत, पुस्तकांवर बादल्या ठेवून बसले होते मी.” थोडे लोक हसले. “पण लोर्नानं कुणाचं काय घोडं मारलंय? मी म्हणते, मूर्खपणाची शिक्षा किती पिढ्या द्यायची? रस्ता म्हणजे काही बक्षीस नव्हे, शहाण्यालाच मिळायला. घ्या परत आणि संपवा.” ऑरिन बुटांकडं बघत राहिला. तिचे उपकार झाले हे त्याला शिवीपेक्षा झोंबलं. 

मग टोबिन लेक्लेअर उठला. बत्तिसाचा, धुराडी बांधणारा, हाताच्या रेषांत काजळी बसलेला. दहा वर्षं दर रविवारी ओसरीवर येणारा. ऑरिनला मुलगा नव्हता. असता तर असा असावा असं त्याला वाटायचं, आणि लोर्नालाही वाटायचं. “मिस्टर पेटिंगिल मला बापाच्या जागी आहेत,” टोबिन म्हणाला आणि थांबला. “म्हणून हे बोलणं मला जड जातंय. जे गाव रस्ता देतं ते गाव शेत घेतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. मिस्टर ब्रेनार्डनी कुणाचं वाईट केलेलं नाही. आज गरज खरी आहे म्हणून त्यांची जमीन घेतली, तर उद्या कुणाची गरज खरी ठरेल? लोर्नाबाईंना घरी आणायचं ना? मी आणतो. खांद्यावरून आणतो, आणि आठवड्यातून तीनदा खाली नर्सकडंही तसंच नेतो. आम्ही दहा जण आहोत, पाळ्या लावू, ब्रेनार्ड फोनशिवाय चालत जाऊ देतील, मी विचारलंय. पण गावाच्या हातून जबरदस्ती करवू नका. हे मिस्टर पेटिंगिलांचेच शब्द आहेत. ते आज दुःखात आहेत म्हणून मी त्यांच्या वतीनं बोलतोय.”  पोरगा मनापासून बोलत होता आणि एकही शब्द चुकीचा नव्हता. खांद्यावरून आणतील. दोन आठवडे नेतील-आणतील. मग चिखल वाढेल, कुणाची पाठ धरेल, कुणाच्या घरी बाळंतपण निघेल, आणि ऑरिन एकेकाला फोन करेल, येऊ शकाल का, जमेल का. कुणीच नाही म्हणणार नाही. म्हणून तर मागणं कधी संपणार नाही.

“बाजूनं असतील त्यांनी कार्डं वर करावीत.” मॉडचं कार्ड सगळ्यांत आधी गेलं. मग इकडं दोन, तिकडं पाच. ऑरिनचं कार्ड गुडघ्यावर होतं. कर ना वर, तो स्वतःला म्हणाला, अरे कर. पुठ्ठ्याचा तुकडा तो, काय जड आहे? आणि त्याच क्षणी ते त्याला लख्ख दिसलं, कुणी दिवा लावावा तसं. हा हात वर गेला तर ती साखळी तोडायला हरकत नव्हती. जी जमीन गावानं मत देऊन घेतलेली चालते, तिच्यावरचं चार आण्याचं कुलूप माणसानं बायकोसाठी तोडलेलं का चालू नये? मग ती चाळीस मिनिटं कशासाठी होती? तत्त्वासाठी नव्हे, कशासाठीच नव्हे. मग लोर्नाचं अर्धं अंग त्यानं फुकट घालवलं. हात खाली राहिला तरच ती चाळीस मिनिटं काहीतरी होती. लोर्ना घरी यायला हवी तर त्यानं स्वतःला गुन्हेगार म्हणायला हवं. एवढाच सौदा होता, आणि कोणीही धड माणूस तो डोळे मिटून करेल. त्यानं डोळे मिटले. मोजणारी बाई रांगेतून गेली. तिचे बूट त्याच्यापाशी क्षणभर थांबले, पुढं गेले. “विरुद्ध?” त्याही वेळी हात तिथंच. बाजूनं अठ्ठावन्न, विरुद्ध एकाहत्तर. त्याच्या एका मतानं काही फरक पडणार नव्हता, हे त्यानं लगेच मनात हिशेब करून पाहिलं आणि तसं करून पाहिल्याबद्दल त्याला शरम वाटली.

जेवणाच्या रांगेत टोबिननं त्याला मिठी मारली. “तुम्ही कार्ड वर केलं नाहीत,” तो कानाशी म्हणाला, डोळे भरलेले. “मी बघत होतो. मला माहीत होतं.” ऑरिनला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मॉड थाळी घेऊन शेजारून गेली. तिनंही पाहिलं असावं. तिच्या थाळीतला पाव तेवढा घरंगळून पडला तो त्यानं उचलून दिला.

दुपारी तो शुश्रूषागृहात पोचला. लोर्ना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती, डावा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. आता ती बोलायची, पण शब्द एकेक करून, वेचून. “झालं?” “नाही झालं.” तिनं मान हलवली, जणू दुकानात पीठ संपलं असं कळावं. “किती?” “अठ्ठावन्न, एकाहत्तर.” “बरेच की,” ती म्हणाली. “अठ्ठावन्न... बरेच.” आणि खरंच तिला बरं वाटलेलं दिसलं. एवढी माणसं आपल्यासाठी उठली याचं. ती बोटांवर माणसं आठवू लागली. “मॉड?” “हो, मॉड.” “हायरम?” “अध्यक्षाला मत नसतं, अगं.” “टोबिन?” त्यानं नकारार्थी मान हलवली. तिनं ते बोट परत मिटलं. मग तिनं त्याच्याकडं बघितलं, काचेमागून बघितलं होतं तसं नव्हे, सरळ, जवळून. “आणि तू?”

खोटं बोलता आलं असतं. एकावन्न वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि हीसुद्धा त्याची एक ऐटच होती. “नाही गेला हात,” तो म्हणाला. “लोर्ना, मला... तुला कसं सांगू...” ती थांबली. तो सांगेल म्हणून पुष्कळ वेळ थांबली. खाली अंगणात कुणीतरी बर्फाचा शेवटचा ढीग फावड्यानं फोडत होतं. मग तिनं चांगल्या हातानं घंटा दाबली.

मदतनीस बाई आली. “काय हवं, लोर्ना?” “ती बॅग,” लोर्ना म्हणाली. पलंगाखाली तिची तपकिरी बॅग होती. जानेवारीपासून, घरी जायचं म्हणून, भरून ठेवलेली, हे ऑरिनला आजच कळत होतं. “कपाटात... लावून टाक. सगळं.” बाईनं ऑरिनकडं पाहिलं, मग बॅग उघडली. तो पुढं झाला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तो एकेक कपडा काढून देऊ लागला आणि बाई हँगरला लावू लागली. दोन झगे, लोकरी मोजे, निळा स्वेटर. तळाशी तिचा अंगणात घालायचा जाड कोट होता, कोपरावर ठिगळ लावलेला, खिशात अजून घेवड्याचं बियाणं. तो देणार एवढ्यात ती म्हणाली, “तो नको.” शब्द शोधायला तिला वेळ लागला. “तो तू ने. मी आता... बाहेर नाही जायची.”